खुर्ची नको, खातं धरा

कोर्टाचा बेलिफ, हातगाडीवर चढवलेल्या दोन फिरत्या खुर्च्या, एक प्रिंटर आणि पाठमोरा उभा राहिलेला हेडक्लार्क. हा फोटो आपल्या वऱ्हाडातल्या जिल्हा पानांवर अधूनमधून येतो. खाली थकबाकीचा आकडा असतो, बहुतेक वेळा लाखांत. पुढं काय झालं ते मात्र छापून येत नाही. पुढं होतं ते असं: कार्यालय एक पुरसीस, म्हणजे कोर्टात लेखी निवेदन, देतं, त्यात 'निधी उपलब्ध होताच रक्कम भरू' असं लिहिलेलं असतं, खुर्च्या परत जातात आणि दरखास्तीला, म्हणजे निकालाचे पैसे वसूल करण्यासाठी कोर्टात केलेल्या अर्जाला, पुढची तारीख पडते. त्या खुर्च्या लिलावात काढल्या तरी बेलिफाचा भत्ता आणि टेम्पोचं भाडं सुटेल की नाही, शंकाच.

जप्तीनं लाज वाटते, हे खरं. पण लाजेला लेखाशीर्ष नसतं, आणि ज्याला लेखाशीर्ष नाही त्यातून लेखा विभाग एक रुपया काढू शकत नाही. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषदेविरुद्ध पैशाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाची डिक्री, हाती असेल, तर पहिला प्रश्न 'काय जप्त करू' हा नाही. पैसा कोणत्या खात्यात आहे, कोणत्या नावानं पडलाय आणि त्यावर सह्या कोणाच्या चालतात, हे आधी शोधायचं. दरखास्त त्यावर बेतायची.

त्याआधी दोन-तीन गोष्टी हुकूमनामा झाल्याच्या आठवड्यातच उरकून घ्या. सही-शिक्क्याची नक्कल मागा आणि हुकूमनाम्यात पुढच्या व्याजाचा उल्लेख आहे का ते बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ नुसार हुकूमनामा पुढच्या व्याजाबद्दल गप्प असेल, तर ते व्याज नाकारलं असंच धरलं जातं. दरखास्तीत ते नव्यानं मागता येत नाही, कारण अंमलबजावणी करणारं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागं जात नाही. दुसरं म्हणजे कॅव्हेट, आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा आगाऊ अर्ज. कलम १४८-अ खाली दाखल केलेलं कॅव्हेट ९० दिवस टिकतं. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असली, तरी आपल्या संस्था मुदतीत अपील करतील असं गृहीत धरू नका. उशीर माफीच्या अर्जासकट दीड वर्षानं अपील येतं आणि त्यासोबत स्थगितीचा अर्ज. म्हणून कॅव्हेट संपलं की पुन्हा टाका. नुसतं अपील दाखल झालं म्हणून अंमलबजावणी थांबत नाही, त्याच संहितेचा आदेश ४१ नियम ५ हे स्पष्ट सांगतो. समोरचा वकील 'अपील केलं आहे' एवढ्यावर तारीख मागत असेल, तर स्थगितीचा आदेश कुठं आहे ते विचारा आणि ई-कोर्ट्सवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकून स्वतः तपासा.

कलम ८२ मधला तीन महिन्यांचा थांबा राज्य शासन आणि सरकारी अधिकाऱ्यांविरुद्धच्या हुकूमनाम्यांसाठी आहे. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद ही त्या कलमाच्या अर्थानं राज्य नव्हे, ती स्वतंत्र निगम संस्था आहे. पण हुकूमनामा नुसत्या पदनावानं, म्हणजे 'मुख्य कार्यकारी अधिकारी' एवढ्याच नावानं घेतलेला असेल, तर तिथं हरकत येते. दरखास्तीत नाव नेमकं लिहा: 'जिल्हा परिषद, अमुक, तर्फे मुख्य कार्यकारी अधिकारी'. तालुक्याच्या गावची ग्रामपंचायत मधल्या काळात नगरपंचायत झाली असेल, तर जुन्या ग्रामपंचायतीची देणी नव्या संस्थेकडं गेलेली असतात, फक्त दरखास्तीत नाव दुरुस्त करून घ्यावं लागतं. हे न केल्यानं नोटीस 'अशी ग्रामपंचायत अस्तित्वात नाही' असा शेरा घेऊन परत येते आणि तीन-चार महिने असेच जातात.

आता पैसा कुठं असतो ते बघू. हा भाग सावकाश वाचा.

ग्रामपंचायतीची खाती दोन जातीची. एकात तिचं स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, दिवाबत्ती, आठवडी बाजाराचा ठेका, गाळ्यांचं भाडं. याला ग्रामनिधी म्हणतात. पाणीपट्टीचं खातं बहुधा वेगळं असतं. दुसऱ्या जातीत योजनांचा पैसा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. तुमचा गार्निशी अर्ज, म्हणजे संस्थेचा पैसा ज्याच्याकडं आहे त्याला (इथं बँकेला) तो कोर्टात भरायला लावणारा अर्ज, योजनेच्या खात्यावर गेला, तर ग्रामपंचायतीचा वकील पहिल्याच तारखेला सांगतो की हा पैसा आमचा नाही, आम्ही नुसते राखणदार. कलम ६० चा गाभाही तोच आहे: ज्या मालमत्तेची ऋणको, म्हणजे देणेकरी, स्वतःच्या लाभासाठी विल्हेवाट लावू शकतो, तीच जप्त होते. बंधित अनुदानाबाबत हा युक्तिवाद वजनदार ठरतो. अबंधितवर भांडता येतं, पण भांडणात वेळ जातो. घरपट्टीच्या खात्यावर असा काही बचाव नसतो.

नगरपरिषदेत व्यापारी संकुलाचे गाळे आणि मुदत ठेवी बघा. जिल्हा परिषदेत जिल्हा निधी, ज्याला कार्यालयात सगळे 'सेस' म्हणतात, तो बघा. मुद्रांक शुल्काचा अधिभार आणि गौण खनिजाच्या स्वामित्वधनातला वाटा शासनाकडून येतो आणि बरेचदा आर्थिक वर्षाच्या शेवटी येतो. म्हणून गार्निशी नोटीस फेब्रुवारीत बजावली गेली तर तिला जे फळ येतं, ते जूनमध्ये येत नाही. जूनमध्ये खात्यात शिल्लक दिसते चार हजार तीनशे.

खात्याची माहिती काढायला फार हुशारी लागत नाही. तुम्ही ठेकेदार किंवा पुरवठादार असाल तर आधीच्या बिलाचा चेक किंवा आरटीजीएसची नोंद तुमच्याच पासबुकात आहे. नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. ३० दिवसांत उत्तर येणं अपेक्षित आहे, न आल्यास पहिलं अपील. ग्रामपंचायतीकडं नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ४ म्हणजे मत्ता व दायित्वांचं विवरण आणि चालू वर्षाचा नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक मागा. नमुना ४ मध्ये तुमचं देणं दायित्व म्हणून दाखवलेलं आहे का, हे आवर्जून बघा. बहुतेक ठिकाणी नसतं. जे कागदावर देणंच नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कुठून येणार? वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराजवर कोणालाही बघता येतो. त्यावरून निदान कोणतं खातं योजनेचं आहे ते कळतं, म्हणजे ते टाळता येतं.

माहिती मिळतच नसेल तर आदेश २१ नियम ४१ आहे. या नियमाखाली न्यायालय निगम संस्थेच्या अधिकाऱ्याला बोलावून मालमत्तेबद्दल तोंडी विचारू शकतं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगू शकतं. आदेश मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. पैसे भरले नाहीत म्हणून मुख्याधिकाऱ्याला आत टाका, असा अर्ज टिकत नाही, कारण कर्ज संस्थेचं आहे, त्या माणसाचं नाही. प्रतिज्ञापत्र न देणं ही मात्र त्याची स्वतःची चूक ठरते. म्हणून या नियमाखालची नोटीस टेबलावर आली की एरवी 'साहेब मीटिंगले गेले, सोमवारी या' म्हणणारं कार्यालय त्याच दिवशी वकिलाला फोन लावतं.

गार्निशी अर्ज नियम ४६-अ खाली. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, त्यात अमुक बँकेकडं अमुक खात्यात ऋणकोचा पैसा आहे असं तुमच्या माहिती आणि विश्वासानुसार लिहायचं. खाते क्रमांक, शाखा आणि आयएफएससी द्या. बँकेचं नाव आजचं लिहा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली; जुन्या नावानं काढलेली नोटीस शाखा व्यवस्थापक दोन दिवस फिरवून परत पाठवतो, आणि तेवढ्या दोन दिवसांत खातं रिकामं होतं. दुसरी हमखास चूक हद्दीची. ज्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर खात्याची शाखा आहे, त्या खात्यावर ते न्यायालय थेट आदेश देऊ शकत नाही. कलम ३९(४) आडवं येतं. तालुक्याच्या कोर्टातला हुकूमनामा आणि खातं जिल्ह्याच्या गावच्या मुख्य शाखेत, ही स्थिती जिल्हा परिषदेच्या बाबतीत नेहमीची. आधी हुकूमनामा वर्ग करून घ्या.

बँकेनं पैसे भरले नाहीत आणि कारणही दाखवलं नाही, तर नियम ४६-ब खाली बँकेविरुद्धच जणू हुकूमनामा असल्यासारखी अंमलबजावणी होते. हे एकदा बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला कळलं की बँक संस्थेची बाजू घेत बसत नाही. गाळेधारकांवरही हीच नोटीस काढता येते. पाच गाळेधारकांनी भाडं नगरपरिषदेऐवजी कोर्टात भरायला सुरुवात केली की कर विभागाला जाग येते. गाळेधारकाला मात्र पावती नीट समजावून सांगा. कोर्टात भरलेली रक्कम म्हणजे नगरपरिषदेला दिलेलं भाडंच, पुन्हा मागता येणार नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे.

वस्तू जप्त करायच्याच असतील तर निवडून करा. साहेबांची गाडी म्हणून जिच्यावर बोट ठेवाल, ती अलीकडं बहुधा ठेकेदाराकडून भाड्यानं घेतलेली असते. आधी वाहन पोर्टलवर नोंदणी बघा, नाहीतर बेलिफाच्या पंचनाम्यावर तिऱ्हाइताची हरकत येते आणि नियम ५८ खाली वेगळीच चौकशी सुरू होते. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब, पाण्याचा टँकर यांना हात लावू नका. न्यायालयाचा कौल तुमच्या बाजूनं असला तरी गावाचा जाईल. ग्रामपंचायत भवन किंवा गायरान यांना गिऱ्हाईक मिळत नाही, आणि गायरान तर मुळात शासनाचं. स्थावरात हात घालायचा असेल तर भाड्यानं दिलेलं संकुल किंवा मोकळा भूखंड. नियम ५४ खाली जप्ती झाली की मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाराच्या इतर हक्कांत नोंद घ्यायला लावा. तेवढ्यानं विक्री होत नाही, पण लेखापरीक्षणात तो शेरा वर्षानुवर्षं निघत राहतो, आणि लेखापरीक्षणाच्या शेऱ्याला आपली कार्यालयं कोर्टाच्या तारखेपेक्षा जास्त मानतात.

भूसंपादनाच्या प्रकरणांचा हिशेब वेगळा, आणि विदर्भात दरखास्तींचा मोठा ढीग याच प्रकरणांचा आहे. झेडपीच्या लघुसिंचनाचे पाझर तलाव, गावतळी, रस्ते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालच्या संदर्भ अर्जात, म्हणजे मोबदला वाढवून मागण्याच्या प्रकरणात, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांनी वाढीव मोबदला दिला, तर कलम २८ प्रमाणे वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर १५ टक्के सरळ व्याज लागतं. दिलासा रकमेवरही (सोलेशियम, म्हणजे सक्तीच्या संपादनाबद्दलची जादा रक्कम) व्याज मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदर प्रकरणात २००१ साली ठरवलंय.

समजा दिलासा वगैरे धरून वाढीव रक्कम ८,००,००० रुपये, ताबा १ जून २००५ चा. १ जून २०१५ पर्यंतचं व्याज पहिल्या वर्षाचं ७२,००० आणि पुढच्या नऊ वर्षांचं दरवर्षी १,२०,००० प्रमाणे १०,८०,०००, मिळून ११,५२,०००. त्या दिवशी संस्थेनं १२,००,००० भरले. संस्थेचा हिशेब असा असतो: मुद्दल आठ लाख फिटलं, व्याजापोटी चार लाख दिले, आता राहिले ७,५२,००० आणि त्यावर व्याज नाही. तुमचा हिशेब: आधी व्याज ११,५२,००० वळतं, उरलेले ४८,००० मुद्दलात, म्हणून मुद्दल राहिलं ७,५२,०००. आकडा दोघांचाही तोच! पण तुमच्या ७,५२,००० वर वर्षाला १,१२,८०० व्याज चालू आहे आणि १० वर्षांत तो फरक ११,२८,००० होतो. गुरप्रीत सिंग प्रकरणात, २००६ साली, सर्वोच्च न्यायालयानं कमी भरलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात, मग मुद्दलात वळती करण्याचा हुकूमनामाधारकाचा हक्क मान्य केला. मात्र रक्कम भरताना ऋणकोनं ती नेमकी कशापोटी आहे हे तुम्हाला कळवून लिहिलं असेल, तर गोष्ट बदलते. म्हणून रक्कम जमा केल्याच्या नोटिशीतली ओळ न् ओळ वाचायची आणि आपला हिशेबाचा तक्ता त्याच तारखेला रेकॉर्डवर टाकायचा. नोटीसच दिली नसेल तर उत्तम. आदेश २१ नियम १ प्रमाणे कोर्टात भरलेल्या रकमेवरचं व्याज तुम्हाला नोटीस बजावल्यापासून थांबतं, चलन फाडल्यापासून नाही.

या प्रकरणांत दोन ऋणको असतात आणि ते एकमेकांकडं बोट दाखवतात. भूसंपादन अधिकारी म्हणतात संपादन संस्थेनं निधी वर्ग केला नाही, आणि संस्था म्हणते मागणीपत्रच आलं नाही. हा त्यांचा आपसातला हिशेब आहे, हुकूमनामा दोघांवर आहे. दरखास्तीत दोघांची नावं ठेवा आणि मागणीपत्राची जावक नोंद माहितीच्या अधिकारात काढून कोर्टासमोर ठेवा.

'निधी नाही' हे उत्तर प्रत्येक दरखास्तीत येतं. रतलाम नगरपरिषदेच्या प्रकरणात, १९८० साली, सर्वोच्च न्यायालयानं पैसे नसल्याची सबब नगरपरिषदेच्या वैधानिक कर्तव्याच्या आड येऊ दिली नाही. तो निकाल गटारांबद्दल होता, कर्जाबद्दल नव्हे. तो जसाच्या तसा चिकटवू नका. या उत्तराला खरं उत्तर अंदाजपत्रकाचं आहे. न्यायालयाकडं अशी मागणी करा की पुढच्या अंदाजपत्रकात, किंवा चालू वर्षाच्या सुधारित अंदाजपत्रकात, या रकमेची तरतूद करून ठरावाची प्रत अमुक तारखेपर्यंत दाखल करावी. अशी मागणी डिसेंबरच्या आत करा. फेब्रुवारीत केलीत तर अंदाजपत्रकाची पुस्तिका छापायला गेलेली असते.

हप्त्याची पुरसीस घ्यायला हरकत नाही, पण ती कोणाच्या सहीची आहे ते बघा. सरपंचाच्या किंवा एकट्या वकिलाच्या सहीची पुरसीस पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते. मासिक सभेचा किंवा स्थायी समितीचा ठराव क्रमांकासह जोडलेला हवा, हप्त्यांच्या तारखा हव्यात, आणि एक हप्ता चुकला की सगळी बाकी व्याजासह लगेच देय, ही अट हवी. लोकअदालतीत गेलात तर तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो. तिथं व्याज सोडायचा आग्रह होतो. सोडायचंच असेल तर अमुक तारखेपर्यंत पूर्ण रक्कम जमा झाली तरच, असं लिहून घ्या.

आता उच्च न्यायालय. नागपूर खंडपीठात रिट टाकली की पैसे येतात, असा समज गावोगावी आहे. पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी करायला रिट हा मार्ग नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं घनश्याम दास गुप्ता प्रकरणात १९९१ साली सांगितलंय. आदेश २१ सगळा त्यासाठीच आहे. अवमान याचिकेचंही तेच. दोन ठिकाणी मात्र रिट अगदी नेमकी बसते.

एक, दरखास्त रेंगाळली असेल तेव्हा. राहुल शाह प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींची मोजणी झाली तेव्हा आकडा ८.८२ लाखांवर निघाला, त्यातल्या सर्वांत जास्त, सुमारे ३.४१ लाख, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली खालच्या न्यायालयाला मुदत घालून मागा. मागणी एवढीच ठेवा, सोबत पैसे मागू नका.

दोन, निवृत्त सफाई कामगार किंवा शिपायाच्या ग्रॅच्युइटीसारखी प्रकरणं, जिथं वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्याकडं जातं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. प्रमाणपत्र तहसीलला येतं आणि तिथंच थांबतं, कारण तहसीलदाराला शेजारच्या नगरपरिषदेवर जप्ती घेऊन जायचं नसतं. इथं वसुली करणं हे महसूल अधिकाऱ्याचं वैधानिक कर्तव्य आहे, त्यात त्याची मर्जी नाही. परमादेश, म्हणजे कर्तव्य पार पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश, मागायचा तो या कर्तव्यासाठी, आणि मागायचा नगरपरिषदेविरुद्धच नव्हे, तर जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांनाही प्रतिवादी करून. आधी दोन लेखी स्मरणपत्रं पोच घेऊन दिलेली असावीत.

मुदतीची भीती बाळगू नका, पण तिला विसरूही नका. पैशाच्या हुकूमनाम्याला १२ वर्षं आहेत. गैरहजेरीत दरखास्त काढून टाकली गेली तर ३० दिवसांत ती परत घेण्याचा अर्ज करता येतो, नाहीतर १२ वर्षांच्या आत नवी दाखल करता येते. दोन वर्षं उलटल्यावर दरखास्त टाकली तर आदेश २१ नियम २२ ची कारणे दाखवा नोटीस आधी लागते आणि तिच्या बजावणीतच एक हंगाम जातो.

रक्कम शेवटी कोर्टात जमा झाली की काम नाझराच्या, म्हणजे कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या, टेबलावर जातं. रक्कम मिळण्याच्या अर्जासोबत पासबुकाची प्रत, पॅन, ओळखपत्र आणि वकिलाची ओळख द्यायची. संस्थेनं टीडीएस कापला असेल तर प्रमाणपत्र मागून घ्या. पॅन दिलेला नसला तर कपात २० टक्क्यांनी होते. भूसंपादनाच्या दरखास्तींत मूळ खातेदार बहुधा वारलेला असतो. दरखास्तीला उपशमन लागत नाही, म्हणजे खातेदार वारला म्हणून ती आपोआप संपत नाही. पण वारस रेकॉर्डवर आल्याशिवाय नाझर चेक काढत नाही. सातबारावरची वारस नोंद, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या बहिणींची नावं, हे कागद रक्कम जमा होण्याच्या आधीच तयार ठेवा. बहिणींची नावं वगळून टाकलेला अर्ज हरकतीसाठी थांबतो, आणि नोटिशीनंतर त्या थांबलेल्या रकमेवर व्याज चालत नाही.